आवाज ओळखणारं माणूस

"तुमचं रोजचं बोलणं ओळखणारं घरात कोण आहे?" समोरच्या मुलीने विचारलं आणि पेन कागदाला टेकवून ती थांबली.

मी म्हटलं, "घरात मी आहे."

ती हसली नाही. पेशंटचं बोलणं तपासणं हेच तिचं काम होतं आणि ते ती फार मनापासून करत होती. तिने मला पुन्हा समजावलं. माझ्या मेंदूतला रक्तवाहिन्यांचा गुंता डाव्या बाजूला, बोलण्याच्या जागेला अगदी खेटून आहे. तपासणी चालू असताना मला जागं ठेवणार, आणि बोलण्यात बारीकसा फरक पडला तरी तो पकडायला माझ्या सवयीचं एखादं माणूस काचेपलीकडे बसलेलं बरं. नवरा, मुलगा, बहीण, कुणीही चालेल.

कुणीही चालेल म्हणे. लग्न झालं नाही, त्यामुळे पहिले दोन बाद. बहीण नाही. आईला जाऊन नऊ वर्षं झाली. दादा आहे, पण त्याचं आणि माझं बोलणं म्हणजे "बरी आहेस ना?" "बरी आहे," की लगेच वहिनी त्याला कशाला तरी हाक मारणार. त्याला गुंत्याबद्दल कळवलं तेव्हा तो म्हणाला, तू ठरवशील ते योग्यच असेल. म्हणजे थोडक्यात, मला यायला जमणार नाही.

आणि गंमत बघा, दिवसाला तीनशे माणसांशी बोलणारी बाई मी. याच रुग्णालयाच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सत्तावीस वर्षं बसतेय. मागच्या इमारतीत, तळघरात, बिनखिडकीच्या खोलीत. बोलून बोलून घसा बसतो, पण ओळखणारं माणूस सांगा म्हटल्यावर तोंडाला कुलूप.

दुखणं सापडलंही तिथेच. महिन्यापूर्वी एका दुपारी कुणीतरी हाडांचा विभाग मागितला. मला नंबर पाठ, पण तोंडातून शब्दच येईना. उजवा हात थडथड उडायला लागला आणि मी खुर्चीवरून खाली. शुद्धीवर आले तेव्हा हेडफोन जमिनीवर पडला होता आणि त्यातून तो माणूस अजून माझा उद्धार करत होता.

मोठ्या डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरून दाखवली. निरोगी माणसात म्हणे, जोरात रक्त आणणारी धमनी बारीक बारीक होत जाते, तिथे रक्ताचा जोर मोडतो आणि मग ते शांतपणे शिरेतून परत जातं. माझ्याकडे जन्मापासून मधली बारीक जाळीच नाही. धमनी थेट शिरेत घुसलेली. शीर बिचारी पातळ, तिला तो जोर सोसवत नाही, आणि एक दिवस ती फुटू शकते.

"म्हणजे बाहेरचा प्रत्येक फोन थेट साहेबांच्या खोलीत," मी म्हटलं. "मधे ऑपरेटर नाहीच."

ते खळखळून हसले. पुढच्या पेशंटला हेच सांगेन म्हणाले. मग गंभीर होऊन त्यांनी उपाय सांगितला. जांघेतून बारीक नळी मेंदूपर्यंत न्यायची आणि गुंत्याला रक्त पुरवणाऱ्या फांद्या एकेक करून आतून एका डिंकासारख्या औषधाने बुजवायच्या. पण एखादी फांदी गुंत्याबरोबर बोलण्याच्या जागेलाही रक्त देत असली, तर ती बुजवली की बोलणं गेलं. म्हणून आधी प्रत्येक फांदीत थोडं गुंगीचं औषध सोडून बघायचं. तेवढा भाग चार-पाच मिनिटं झोपतो. तेवढ्यात बोलणं बिघडलं, तर त्या फांदीला हात लावायचा नाही.

मी विचारलं, "आणि चुकून बोलणं गेलं तर?"

"जीव तर राहील."

"डॉक्टर, माझ्याकडे दुसरं आहे काय?"

त्यांनी फिल्म परत पाकिटात घातली.

शेवटी मी त्या पेनवाल्या मुलीला 'आठ नंबर' असं सांगून टाकलं. आठ नंबर वॉर्डची सिस्टर. बावीस वर्षांपूर्वी तिने औषधांच्या दुकानाची लाइन मागितली, ती लागेना, म्हणून आम्ही बोलत बसलो, ते आजतागायत. ती मला एक्स्चेंज म्हणते, मी तिला आठ नंबर. तिच्या सासूची कटकट, मुलाच्या नापास झालेल्या परीक्षा, माझ्या आईचे शेवटचे दिवस, सगळं त्या तारेवरून गेलंय. भेटलो मात्र कधीच नाही. दोनदा ठरलं. एकदा तिची ड्युटी बदलली आणि एकदा, खरं सांगते, मीच टाळलं. माझा आवाज अजून पंचविशीतला आहे. बाकीचं तसं नाही. लोक आवाज ऐकून येतात आणि मला बघून दुसऱ्याच बाईला शोधायला लागतात.

तपासणीच्या दिवशी ती आधीच काचेपलीकडच्या खोलीत येऊन बसली होती. मी टेबलावर पडून, अंगावर हिरवी चादर, डोक्यावर यंत्र. मला ती दिसत नव्हती आणि तिला मी. तिच्यापुढे माइक आणि स्पीकर होता. म्हटलं, चला, आपलं नेहमीचंच.

पहिल्या दोन फांद्यांना मी मस्त बोलत होते. ती मुलगी चित्रं दाखवायची आणि मी ओळखायची. हत्ती दाखवला तेव्हा मी म्हटलं, "हे आमचे प्रशासन अधिकारी." सगळे हसले. पहिल्या फांदीला वळसा असल्यामुळे नळी नीट टेकेना, ती सोडून दिली. दुसरी बुजवली. डोक्यात जरा गरम गरम वाटलं, बस.

तिसरी फांदी सगळ्यात जाड होती. तीच बंद झाली की गुंत्याचा निम्मा जोर जाणार होता. औषध सोडलं आणि मुलीने चित्र धरलं. कंगवा होता. मी म्हटलं, कंगवा. आजूबाजूला हसू उठलं. का हसले ते मला कळेना. मग कात्री. मी म्हटलं, कात्री. पुन्हा हसू. "बाई आज रंगात आहेत," असं मोठे डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी डिंकाची सिरिंज मागितली.

तेवढ्यात स्पीकरवर सिस्टरचा आवाज आला. "थांबा. सिरिंज खाली ठेवा."

मग मऊ आवाजात, अगदी रोजच्यासारखं, "अगं, मी बोलतेय. आठ नंबर. जेवलीस का?"

मी म्हटलं, कुठलं जेवण, कालपासून उपाशी ठेवलंय मेल्यांनी.

निदान मला तसं वाटलं. माझ्या तोंडातून काय बाहेर पडलं ते मला नंतर कळलं. कंगव्याला मी म्हणाले होते, "नमस्कार, रुग्णालय, कोणता विभाग हवा?" कात्रीला म्हणाले, "लाइनवर राहा, जोडते." आणि तिला, बावीस वर्षांच्या मैत्रिणीला, स्वच्छ गोड आवाजात पुन्हा तेच, "नमस्कार, रुग्णालय, कोणता विभाग हवा?"

सत्तावीस वर्षं घोकलेली वाक्यं कुठेतरी वेगळीकडे साठलेली असणार. माझे सगळे शब्द झोपले तरी ती जागी होती. हत्तीची मस्करी आधीच झालेली, त्यामुळे सगळ्यांना ही पुढची मस्करी वाटली.

"डॉक्टर, ती मला हे कधीच म्हणत नाही," सिस्टर म्हणाली. "ती आत्ता इथे नाहीये."

पाच मिनिटांनी, औषध उतरल्यावर, मी मोठ्याने "कंगवा" म्हटलं, तेव्हा कुणी हसलं नाही. ती मुलगी हातात चित्र धरून रडायला लागली.

तिसरी फांदी तशीच सोडली. उरलेल्या गुंत्यावर आता रेडिएशन. त्याने तो हळूहळू बंद होईल, पण त्याला दोन-तीन वर्षं लागतील आणि तोवर फुटायची भीती आहे तेवढीच राहील. डॉक्टर म्हणाले, एकट्या राहू नका. मी हो म्हटलं. असं म्हणणाऱ्याला हो म्हणून टाकायचं असतं.

संध्याकाळी भेटीच्या वेळेत आठ नंबर खोलीत आली. मी तिला उंच समजत होते. ही बुटकी, गोल, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेली. तीही माझ्याकडे तशीच बघत होती. स्टुलावर बसली. बरं वाटतंय का विचारलं, मी हो म्हटलं. पाणी हवंय का विचारलं, मी नको म्हटलं. मग विषय संपले. शेजारच्या खाटेवरच्या बाईकडे पाच-सहा माणसं आली होती, ती सगळी एकदम बोलत होती. आम्ही दोघी त्यांच्याकडे बघत बसलो. तिने माझी चादर सरळ केली, सलाइन बघितलं, ते ठीकच होतं. मला तिचे पाय धरावेसे वाटत होते आणि तोंडातून साधं "बस ना" निघत नव्हतं. वॉर्डात कामं आहेत म्हणून ती उठली. ती गेल्यावर मी भिंतीकडे तोंड करून रडले.

दहा मिनिटांनी उशाजवळचा फोन वाजला.

"काही सुचेनाच गं मला तिथे," ती म्हणाली.

"मलाही."

"तुझं नाक एवढं मोठं असेल असं वाटलं नव्हतं."

मी हसले. जांघेत कळ आली तरी हसले. मग म्हटलं, "तू नसतीस तर आज माझं बोलणं गेलं असतं."

तिच्या मागे वॉर्डातली ट्रॉली खडखडत गेली.

"रेडिएशनला कुणाला आणणारेस?" तिने विचारलं.

"कुणाला आणणार?"

"मी येईन. पण काचेपलीकडेच बसेन हं."

"तिथेच बस," मी म्हटलं.

मग ती नव्या मेट्रनबद्दल सांगत बसली, मी तपासणीबद्दल. शेवटी तिच्याकडे कुणा पेशंटची घंटा वाजली आणि तिने घाईने फोन ठेवला. भेटीची वेळ संपली होती. शेजारच्या खाटेवरची माणसं एकेक करून निरोप घेत होती. त्यातली एक म्हातारी जाता जाता माझ्या खाटेशी थांबली, पण मी फोनवर आहे असं समजून नुसती मान हलवून पुढे गेली. मी रिसीव्हर कानाला तसाच धरून ठेवला.