उंटानं चाखलेली खुमरी

अहो, तिकडे कुठे बघताय? दाराच्या वर, खुंटीकडे बघा. हो, तीच मी! बांबूच्या कामट्यांची, आत पानांचं अस्तर, खाली गोल आणि वर टोकदार. आमच्याकडे मला खुमरी म्हणतात. गुराखी मला घालतात, धानाचा रोवणा, म्हणजे भाताची लावणी, करणाऱ्या बाया घालतात. ऊन असो नाहीतर पाऊस, माणसाचं डोकं झाकणं हे माझं काम. शहरातली मंडळी मला पाहिलं की "अय्या, चायनीज टोपी!" म्हणतात आणि फोटो काढतात. चीनशी माझं काही देणंघेणं नाही हो. मी गोंदिया जिल्ह्यातल्या देवरीकडच्या जंगलातली आहे.

आता तुम्ही माझ्या कडेचं हे लाल-हिरवं, आरसे लावलेलं ठिगळ बघताय ना? बघतात सगळेच. त्या ठिगळाची गोष्ट गावात एकानं इतक्यांदा सांगितलीय की कान किटलेत माझे. त्यातलं निम्मं खोटं, आणि उरलेलं अर्धवट. म्हणून आज मीच सांगते.

मला घडवलं उदारामनं. देवरीच्या पुढे त्याचं घर, आणि घरापेक्षा अंगणात बांबू जास्त. बांबू फोडून, कामट्या सोलून तो विणायला बसला की त्याला जेवायला हाका माराव्या लागायच्या. मला विणताना मात्र तो बायकोशी भांडत होता, म्हणून माझी वीण जरा घट्टच आली. बरंच झालं म्हणा. पुढे ते कामाला आलं.

आठवडी बाजारात धुरपतानं मला उचललं. डोक्यावर ठेवलं, मान हलवून पाहिली, रोवायला वाकतात तशी वाकून पाहिली आणि म्हणाली, "हे पडत नाई." बस, आमची सोयरीक जुळली!

धुरपता आणि तिचा नवरा कवडू यांची धानाची शेती इटियाडोह धरणाच्या नहरावर, म्हणजे कालव्यावर. धुरपता कामाला वाघीण, पण चार माणसं जमली की पदराचं टोक चावत बसणारी. कवडू मनानं सोनं, पण तोंडाला कुलूप म्हणून नाही. दुसरं कुणी बोलत असलं की त्याच्या जिभेला खाज सुटायची. धुरपतानं "काल ना..." म्हणावं, आणि काल काय झालं ते कवडूनं सांगावं, अशी त्या घराची रीत पडून गेली होती.

त्यांची लेक दामिनी. नर्स झाली आणि नोकरीला लागली ती थेट कच्छात, भुजला. यंदा धान कापून-चुरून, मळणी उरकल्यावर तिनं फोनवर हुकूमच सोडला, "आईबाबा, या आता. काही बहाणा नाही चालणार." धुरपता त्याआधी गोंदियाच्या पलीकडे कधी गेली नव्हती. निघायच्या दिवशी तिनं मला डोक्यावर चढवलं, तर कवडू कपाळाला हात लावून म्हणाला, "अवं, तिथं पाऊसच पडत नाई. खुमरी कायले?"

"ऊन तं पडते ना जी?" धुरपता म्हणाली. कवडूनं पिशवी उचलली आणि वाट धरली.

रेल्वेत मला खिडकीजवळच्या खुंटीला अडकवलं होतं. माणसांची एक गंमत सांगू? बाहेर डोंगर पळतात, नद्या पळतात, आणि माणसं मान खाली घालून मोबाइलात बघतात. एका सज्जनानं तर मला खाली काढून, उलटं करून माझ्यात शेंगांची टरफलं टाकली! धुरपतानं ती मुकाट्यानं गोळा केली आणि त्याच्याच मांडीवर ठेवली. एकटी धुरपता तेवढी डोळे फाडून बाहेर बघत होती. झाडं बुटकी झाली, मग विरळ झाली, मग काट्यांचीच उरली. टरफलांनंतर तिनं मला डोक्यावरच ठेवलं होतं आणि ती मला जरा मागे सारायची, म्हणजे आकाश पुरतं दिसावं.

भुजला पोचल्यावर दामिनीनं जीपगाडी ठरवली आणि आम्हाला कारागिरांची गावं दाखवली. एका अंगणात लोखंडाच्या घंटांवर तांबं चढवत होते. घंटा बनवणारा म्हातारा घंटा कानाशी धरायचा, हातोडीनं एक टोला हाणायचा, पुन्हा कान लावायचा. कवडूनं इतक्या घंटा वाजवून पाहिल्या की बाजूला बांधलेली गाय गोंधळून उभी राहिली. दुसऱ्या घरात लाकडाच्या पळीला रंगीत लाख चढवत होते. दोरीनं लाकूड गरागरा फिरवायचं आणि वर लाखेची कांडी धरायची, की रंग आपोआप लाटा काढतो. धुरपतानं लाखेचा खडा उचलला, वास घेतला आणि ओरडलीच, "अवो, हे तं आपल्या पळसावर होते!" तो माणूस हसला आणि त्यानं तिला एक कांडी धरायला दिली. तिनं काढलेली लाट वाकडीतिकडी आली. मला ती फार आवडली.

मग आम्ही निघालो लखपतला. भुजपासून लांब, पार रणाच्या टोकाला. मैलोन्‌मैल निर्मनुष्य, आणि एकदम समोर प्रचंड तटबंदी! केवढा तो कोट, केवढे बुरूज! आणि आत? पडकी घरं, छप्पर नसलेल्या कमानी, वारा आणि बोटांवर मोजण्याइतकी वस्ती. धुरपता दरवाजातच थबकली. "येवढ्या मोठ्या भिंती, अन् आत मानसंच नाई?" ती म्हणाली.

आता उंटाचं सांगते. दरवाजापाशी एक उंट बांधला होता. कवडूला त्याच्यासोबत फोटो हवा. नुसता नाही, ऐटीत हवा. त्यानं धुरपताच्या डोक्यावरून मला उचललं, आपल्या डोक्यावर ठेवलं, छाती फुगवली. उंटानं मान लांब केली, मला हुंगलं. माझ्या अस्तराला पळसाच्या पानांचा वास, आणि त्या बिचाऱ्याच्या नशिबी जन्मभर काटे. त्यानं करकचून चावा घेतला! मी गेले उंटाच्या तोंडात. आणि कवडू? कवडूनं "आई गे!" केलं आणि बाजूच्या पडक्या भिंतीवर अशी उडी मारली की तरणी पोरं बघत राहावीत. तिथून मग त्याला उतरता येईना.

मला सोडवलं धुरपतानं. घरच्या बैलाला दटावते तशी ती पुढे गेली, "हाड! सोड म्हन्तो ना! लाज नाई वाटत?" उंटाला आमची झाडीबोली येत नसणार, पण आवाज कळला. त्यानं मला सोडलं. उदारामच्या घट्ट विणीमुळे मी वाचले, पण कडेला भलंमोठं भोक पडलं. दामिनी हसून हसून खाली बसली होती. "बाबा, उतरा ना आता!" ती म्हणे, आणि बाबा म्हणे, "थांब, हवा खाऊन राहिलो."

हा गोंधळ ऐकून कोटातल्या एका घरातून हवाबाई नावाची बाई बाहेर आली. तिनं माझं भोक पाहिलं आणि धुरपताला म्हणाली, "लाओ बहन, मैं सी देती हूँ." दारातच बसून तिनं आपल्या भरतकामातला एक तुकडा कापला आणि सुई चालवू लागली. बांबूत सुई घालणं सोपं नाही हो, पण तिचा हात फार हलका होता. आरसे लागले तशी मी आतून पुरती मोहरले. आजवर मला कुणी सजवलं नव्हतं.

ती शिवत असताना तिचे म्हातारे सासरे धुरपताला म्हणाले, "कहाँ से आई हो? क्या होता है उधर?" धुरपता म्हणाली, "धान होता है, चाचा." म्हाताऱ्यानं तटापलीकडे बोट केलं. मग म्हणाला, "इधर भी होता था. लाल चावल. हमारे बुज़ुर्ग बताते थे. नदी यहीं से बहती थी, जहाज़ आते थे. फिर भूकंप आया, ज़मीन उठ गई, और नदी ने मुँह फेर लिया."

धुरपता उठली. मला तशीच, सुई-दोऱ्यासकट, हवाबाईच्या मांडीवर सोडून ती तटावर चढली. मला दिसत होतं ती किती वेळ उभी होती ते. समोर पार आकाशापर्यंत पांढुरकं, सपाट, कोरडं रण. ती तटाच्या खिंडारातून पलीकडे उतरली, मूठभर माती उचलली, नाकाशी नेली. परत आली तेव्हा तिचे डोळे भरलेले होते. तिनं मला डोक्यावर घातलं, तेव्हा तिच्या बोटांना ती माती लागलेली होती. कवडू तेव्हाही भिंतीवरच होता. शेवटी जीपच्या ड्रायव्हरनं त्याला उतरवलं.

गावी परतलो आणि कवडूला विषयच मिळाला! पानठेल्यावर उंट, बाजारात उंट, लग्नाच्या पंगतीत उंट. तिखटमीठ लावून लावून आधी उंट माजलेला झाला, मग पिसाळलेला झाला, आणि कवडूनं त्याचा जबडा दोन्ही हातांनी फाकवून मला बाहेर काढलं! पुरावा म्हणून मला खुंटीवरून काढायचं, ठिगळ दाखवायचं, की लोक खूश. बोलाचाच भात अन् बोलाचीच कढी!

धुरपता आपलं काम करत राहायची. नवऱ्याची चारचौघांत फजिती कशाला, म्हणून उंटाचं खरं ती पोटात ठेवायची. तिला उंटाचं सांगायचंही नव्हतं. तिला सांगायची होती ती माती. "अन् तिथं ना, पयले धान..." ती सुरू करायची, आणि कवडू मधेच, "हो हो, तं उंटानं काय केलं..." झालं! ती पदराचं टोक तोंडात धरायची आणि चुलीकडे जायची. एकदा अंगण झाडता झाडता मला म्हणाली, "तुले मालूम हाये ना वो? पुरे झालं मंग." पण पुरे झालं नव्हतं. मला तिच्या केसांतून कळायचं. किती राग यायचा मला त्या कवडूचा, काय सांगू!

मग आला उन्हाळी धानाचा रोवणा. नहराला पाणी सुटलं होतं. धुरपता, शेजारची मंदाबाई आणि आणखी बाया रांगेनं चिखलात वाकून रोवत होत्या. मी धुरपताच्या डोक्यावर. कवडूचं काम एकच, बांधीतल्या, म्हणजे खाचरातल्या, पाण्यावर लक्ष ठेवायचं. पण मंदाबाई तिच्या माहेरच्या पाहुणीला घेऊन आली होती आणि पाहुणीनं ठिगळाचं विचारलं. मग काय! कवडू पारीवर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभा राहून, फावडं उंटाच्या मानेसारखं उंच धरून सुरू झाला. आणि त्याच्या पाठीमागे पार फुटली. पाणी भळभळा रस्त्याच्या नालीत पळायला लागलं. याला पत्ताच नाही!

धुरपता ताठ उभी राहिली. अशी की मी डोक्यावरून पडता पडता वाचले.

"अजी! पानी वाहून राहिलं, अन् तुमी उंट सांगून राहिले!"

सगळ्यांचे हात थांबले. हा आवाज कुणी ऐकलाच नव्हता. कवडूचं उंच धरलेलं फावडं खाली आलं.

"लय झाला तुमचा उंट," धुरपता म्हणाली. "म्या काय पाह्यलं ते आयका आता. तिथं एवढ्या मोठ्या भिंती हाये, अन् आत घरं पडून हाये. भरलेलं गाव होतं ते. नदी होती. धान होता, लाल धान. आपल्यासारख्याच बाया रोवत असतीन, अशाच वाकून, अशाच हसत. एक दिवस जमीन हालली अन् नदी दुसरीकडं गेली. कोनाची चूक नोती. धान गेला, मंग मानसं गेले. म्या तिथची माती हातात घेतली वो मंदाबाई, नाकाशी धरली. मातीले वासच नाई वो! आपल्या बांधीचा कसा वास येते! त्याह्यच्या हातात काई नोतं. आपल्या तं हातात हाये ना? अन् आपन पार फुटू देऊन राहिलो!"

मंदाबाईनं हातातली रोपं छातीशी धरली होती. पाहुणी डोळे पुसत होती. मला तर वाटलं, आरसे गळून पडतात की काय.

कवडूनं फावडं बाजूला टाकलं आणि सरळ नालीत उतरला. कोपरापर्यंत हात चिखलात घालून त्यानं मातीचे गोळे थापायला घेतले. पाणी थांबलं. तरी तो वर येईना. खाली मान घालूनच त्यानं विचारलं, "मंग?"

"मंग काय?"

"मंग पुढं काय झालं? त्या मानसाह्यचं?"

"अजी, तुमी तं तिथंच होते!"

"होतो," कवडू म्हणाला. "पन मी भिंतीवर होतो ना."

"भिंतीवर?" मंदाबाईनं डोळे वटारले. "अन् उंटाचा जबडा कोनं फाकवला मंग?"

कवडूनं चिखलाचं बोट धुरपताकडे केलं. त्यानंतर त्या बांधीत जे हसू फुटलं, ते नहराच्या पलीकडे ऐकू गेलं असेल! सगळ्यात जोरात कवडूच हसत होता. आणि धुरपता हसता हसता रोवत होती, रोवता रोवता सांगत होती. घंटा सांगितल्या, लाख सांगितली, हवाबाईची सुई सांगितली. दिवस कलला तरी तिचं सांगणं सरलं नव्हतं.

आता मी जरा खिळखिळी झालेय. कामट्या सुटताहेत, एक आरसा तडकलाय. पुढच्या रोवण्याला दुसरी खुमरी येईल, येऊ दे बापडी. माझं एवढंच मागणं आहे, तुमच्याही घरात कुणीतरी असेल, दूरवर जाऊन आलेलं आणि कुणी विचारलं नाही म्हणून गप्प बसलेलं. त्याला विचारा, काय पाहिलंस? आणि तो बोलायला लागला की मधे तोंड घालू नका.

चला, मला खाली काढताहेत. फुलचूरचे पाहुणे आलेत आणि त्यांनी ठिगळाचं विचारलंय. कवडूनं मला खुंटीवरून काढलं, पदरानं पुसावं तसं खांद्यावरच्या दुपट्ट्यानं पुसलं आणि धुरपताच्या मांडीवर ठेवलं.

"तिले विचारा," तो पाहुण्यांना म्हणतोय. "मी नुसता गेल्तो. पाहून ते आली."

आणि तो सगळ्यांच्या पुढे, मांडी घालून, ऐकायला बसलाय.