केळीच्या खांबाची बाजू

वसतिगृहाच्या स्मरणिकेसाठी अमरावतीहून फोटोचा ब्लॉक आला, तेव्हा धर्मपाल कंपोझिटरनं तो सगळ्यांच्या आधी खिडकीशी नेला. लाकडावर ठोकलेला जस्ताचा पत्रा. शाई लागलेली नसली की असल्या पत्र्यावर माणसं दिसत नाहीत, नुसती खरखर दिसते. तिरपा धरला तर उजेड पकडतो. त्यानं तिरपा धरला, आणि अगदी कडेला त्याला मोतीराम दिसला. डोक्याला पटका, एक हात पुढच्या खुर्चीच्या पाठीवर. चेहरा मसुरीच्या डाळीएवढा.

मोतीराम तायडे म्हणजे धर्मपालच्या बहिणीचा, इंदूबाईचा नवरा. गवंडी. अकोल्यातलं हे वसतिगृह त्यानंच बांधलं. अठ्ठावन्न साली उद्घाटनाला फोटो निघाला. खुर्च्यांवर सभासद बसले, मागं मास्तर उभे राहिले. एका कडेला दाराला बांधलेला केळीचा खांब आला, दुसरी कडा मोकळी दिसत होती. मोकळी दिसत होती म्हणून फोटोवाल्यानं गवंड्याला हाक मारली. मान देण्यासाठी नाही, जागा भरण्यासाठी. पुढल्याच वर्षी दुसऱ्या एका बांधकामावर परांची कोसळली आणि मोतीराम गेला. घरात त्याची एकही तसबीर नव्हती. गवंडी स्वतःचा फोटो काढायला कधी जाणार?

"मले त्याईचं तोंड आठवेनासं झालं, धर्मा," इंदूबाई म्हणाली होती. "नाक आठवते, तं डोये जातात. डोये आठवतो, तं नाक जाते. कसं सांगू कोनाले?"

"थांब, बाई. पुस्तक छापून राहिलं. त्यात भाऊजी हायेत. खाली नावबी येईल."

मूळ फोटोची एकच प्रत होती, ती ब्लॉकवाल्याकडेच राहिली होती. ब्लॉक पाठवला आणि ब्लॉकवाला दुकान बंद करून गाव सोडून गेला, कुठं गेला ते कोणाला ठाऊक नाही. म्हणजे मोतीरामचं तोंड आता जगात एकाच ठिकाणी होतं, त्या पत्र्यावर, आणि तेही उलटं.

फोटोखालचा मजकूर धर्मपालनं स्वतः जुळवला. तीन ओळी झाल्या. 'डावीकडून' अशी सुरुवात, शेवटी 'मोतीराम तायडे, गवंडी'. ह्या शेवटच्या अक्षरांचे शिशाचे खिळे त्यानं एकेक पुसून लावले.

अडचण अशी निघाली की ब्लॉक पानाच्या मापाहून रुंद होता. फार नाही, बोटभर.

"आडवा टाकू, मालक," धर्मपाल म्हणाला. "अख्खं पान देऊ. ओळीबी आडव्याच बसवतो."

छापखान्याचे मालक हरिहरपंत, त्यांना ते पटत आलं होतं. पण वसतिगृहाचे चिटणीस कमलाकांत वकील समोरच बसले होते. फोटोत मधल्या खुर्चीवर तेच होते.

"म्हणजे मला बघायला लोकांनी माना मोडायच्या?" वकील म्हणाले. "छे छे. सरळच हवा."

मालकानं धर्मपालला कागदाची रिमं सोडवायला स्टेशनवर पाठवलं, आणि खुर्चीतून न उठता मशीनवाल्या जानरावला सांगितलं, "डावीकडे नुसता केळीचा खांब आहे. तेवढा उडव."

पंतांना फोटो आठवत होता. फोटोत खांब डावीकडेच होता. पण ब्लॉक म्हणजे आरसा. फोटोतलं डावं ब्लॉकवर उजवीकडे असतं, हे छापखान्यातलं मांजरसुद्धा सांगेल. जानरावनं करवत घेतली आणि ब्लॉकची डावी कड कापली.

धर्मपाल परत आला तेव्हा जानराव पत्रा बसवायला नव्या कडेला बारीक चुका ठोकत होता.

"जानराव, कावून बे? कोन होतं तिथं, मालूम हाय का तुले?"

"मालकानं डावं म्हटलं, डावं कापलं."

"उलटं असते ते! उमर गेली तुही ह्याच कामात!"

"उमर गेली म्हणूनच कापलं," जानराव करवत पुसत म्हणाला. "मागं एकदा म्हणलो, मालक, ते उलटं होईल. चार लोकात बोलले, तू मले शिकवतं का? तवापासून सांगतील तसं करतो. तूबी तेच शिक, लेका."

धर्मपाल आत गेला. वकील चहा पीत होते.

"नवा ब्लॉक करा," तो म्हणाला.

"कशावरून? फोटो आहे?" पंत म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता, हे खरं. "चूक झाली बाबा. पण परवा प्रकाशनाला मंत्री येतायत."

"मुख्य मंडळी शाबूत आहेत ना?" वकिलांनी बशी खाली ठेवली. "मग झालं. ते खालचं नाव मात्र काढा. माणूस चित्रात नाही आणि नाव आहे, लोक हसतील."

"त्यानं बांधलं ते वसतिगृह, वकीलसाहेब."

"पैसे घेऊन बांधलं ना? मग? आता प्रत्येक विटेखाली नाव लिहायचं का?"

"मी नाही काढत," धर्मपाल म्हणाला.

काही अडलं नाही. हरिहरपंतांनी चष्मा लावला, चिमटा हातात घेतला आणि नावाचे खिळे स्वतः उचलले. तीनच्या दोन ओळी झाल्या. त्यांनी त्या मधोमध आणल्या, दोन्ही बाजूंना सारखी कोरी जागा भरली. "आता कसं नेटकं दिसतंय," असं ते म्हणालेसुद्धा. तोंडातून निघून गेलं असेल. पण निघालं हेच.

ब्लॉकची कापलेली पट्टी भुशात पडली होती. धर्मपालनं ती शोधली, शाई लावली, चांगल्या गुळगुळीत कागदावर हातानं दाबून छाप काढला. करवत मोतीरामच्या तोंडावरूनच गेली होती, अर्ध्या तोंडाचा भुसा झाला होता. पटका आला होता. एक गाल आला होता. डोळ्याच्या जागी शाईचा गोळा. पुन्हा काढला, तिसऱ्यांदा काढला. फरक नाही.

स्मरणिका निघाली. केळीचा खांब पानापानासकट सुरेख छापून आला. मंत्री म्हणाले, छपाई फार देखणी आहे.

धर्मपाल तो छाप घेऊन बहिणीकडे गेला. इंदूबाईनं हात लुगड्याला पुसले, कागद घेतला, दारात उजेडाला धरला. जवळ नेला, लांब नेला.

"हे कोन व्हय?"

"भाऊजी."

ती बराच वेळ बघत राहिली. ओळखायचा प्रयत्न करत होती, हे धर्मपालला दिसत होतं. त्यालाच ते बघवेना.

"पटका तं सारेच बांधतात," ती शेवटी म्हणाली. "नाव हाय का खाली?"

"नाही."

तिनं कागद घडी न घालता त्याच्या हातात परत दिला.

"ने बाबा. कोनाचं बी तोंड मी घरात कायले ठेवू?"