बांगड्यांचं सासर

जयमालाने टोपली फळीवर उपडी केली आणि नाक मुरडलं. सगळे बांगडे. ऐन थंडीचे दिवस, डहाणूचा बाजार, आणि बोंबील औषधालाही नाही.

"मावशी, बोंबील?" शाळेतल्या निर्मलाबाईंनी विचारलं.

"कुठले बोंबील! समुद्राचं पाणी ऊन झालंय, बाई. पूर्वी या दिवसांत टोपल्या धुताना पाय बधिर व्हायचे, आता कोमट लागतं. बोंबील वर्षावर्षाला कमीच. हे न्या ना, ताजे आहेत."

"नको हो. याला वास येतो."

बाई पुढे गेल्या. शेजारच्या फळीवरून पुष्पा हसली. "काय गं जयमाला, सुनेने माहेरून आंदण आणलं वाटतं!"

जयमालाने बांगड्यांवर पाणी शिंपडलं. सून श्रुतिका मालवणची. नवी नवरी असताना ती बांगड्यांची आठवण काढायची, आणि जयमाला म्हणायची, "आमच्या घरात तो वास नको." तेव्हापासून बांगड्याच्या कालवणात घालायच्या, माहेरून आणलेल्या तिरफळांची बरणी स्वयंपाकघरात मागे पडून होती.

ऊन चढलं, बर्फ वितळायला लागला. माल असाच पडला तर संध्याकाळी फेकायचा. शेवटी जयमालाने घरी फोन लावला.

"अगं, हे तुमचे बांगडे... करतात कसे?"

पलीकडून श्रुतिका लगेच म्हणाली,

"आई, मी येतेच."

श्रुतिका आली ती डबा घेऊनच. नवऱ्याने, यतीनने, पहाटे होडीतून आणलेल्या मालातले चार बांगडे तिने सासूच्या नकळत काढून शिजवले होते. झाकण उघडताच तिरफळांचा वास पसरला. परतीच्या वाटेवर निर्मलाबाई थबकल्या. श्रुतिकाने भाकरीचा तुकडा लाल रश्शात बुडवून त्यांच्या हातावर ठेवला. बाईंनी डोळे मिटले, मग पिशवी उघडली. मागोमाग पुष्पाही आली, "बघू, बघू," करत. जयमाला तोलत होती, सून कृती सांगत होती.

संध्याकाळी घरात पुन्हा बांगड्याचं तेच लाल तिखलं शिजलं. श्रुतिकाने वडिलांना फोन लावून बातमी दिली.

"अगो, हय हल्ली बांगडे मिळणत नाय," पलीकडून खळखळून हसू आलं. "तुझ्या मागसून थय इले म्हण!"

जयमालाही बोटं चाटत हसली. हसता हसता तिची नजर अंगणात गेली. बोंबील वाळवायचे बांबू मोकळेच उभे होते.

"आता दक्षाला लाव," ती म्हणाली. दक्षा तिची लेक, उत्तरेला गुजरातेत दिलेली.

"काय सांगू?"

"विचार, आपले बोंबील तिकडे पोचले का." जयमालाने बांगड्याचा आणखी एक तुकडा ताटात ओढला. "आणि म्हणावं, सासूला नीट करायला शिकव."