मास्तरांचं उघडं फाटक

मास्तरांच्या बायकोने तो कुत्रा आणला तेव्हा तो विणकामाच्या टोपलीत मावत होता. दीड वर्षात वासराएवढा झाला. करडा रंग, जाड मान, आणि भुंकणं जवळजवळ नाहीच. ती त्याला 'बाळ' म्हणायची. ती फाटकाशी उभी राहून हाक मारायची आणि तो गल्लीच्या टोकापासून धावत येऊन तिच्या पायाशी बसायचा. लोकांना त्याचं कौतुक होतं. मग चैत्रात ती चार दिवसांच्या तापाने गेली, आणि बाळ कोणाचाच राहिला नाही.

मास्तरांनी चित्रकला शिकवण्यात पस्तीस वर्षं घालवली होती. गल्लीतली निम्मी माणसं त्यांच्या हाताखालून गेलेली. त्यामुळे फाटक उघडं राहतंय, कुत्रा दिवसभर रस्त्यावर हिंडतोय, हे त्यांना तोंडावर सांगायची कोणाची छाती होत नव्हती. सुरुवातीला एकदोघांनी आडून सुचवलं. मास्तर वरच्या खिडकीतून म्हणाले, "तो काही करत नाही." ते वाक्य गल्लीत एकमेकांना चिडवायला वापरायची पद्धत पडली. कोणाची सासू रागावली की शेजारी म्हणायचे, "जा बिनधास्त, त्या काही करत नाहीत."

शेजारच्या घरात बाइंडरबाई राहायची. तिचा नवरा इस्पितळाच्या धुलाईखान्यात पाळीवर जायचा आणि ती पुढच्या खोलीत पुस्तकं बांधायची. वाचनालयातली फाटकी पुस्तकं, कॉलेजच्या पोरांचे प्रबंध, कचेऱ्यांच्या नोंदवह्या. पानांच्या जुड्या, म्हणजे फर्मे, शिवायचे, पाठीला खळ लावायची, पुठ्ठा चढवायचा, रात्रभर दाबाखाली ठेवायचं. तिचं टेबल खिडकीपाशी होतं, त्यामुळे बाळचं येणंजाणं तिला न बघताही दिसायचं. सकाळी अकराला तो बाहेर पडायचा. धावायचा नाही. भिंतीच्या कडेने, मान खाली घालून, काहीतरी मोजत असल्यासारखा चालायचा.

चेष्टा थांबली ती वाचनालयाच्या बाई आल्या त्या दिवशी. पुस्तकांचा गठ्ठा घेऊन त्या दारापाशी पोचल्या होत्या. बाळने मागून येऊन त्यांची बाही तोंडात धरली. चावला नाही, ओढलंही नाही. नुसती धरून उभा राहिला. बाइंडरबाई आतून बघत होती. वाचनालयाच्या बाईंचा चेहरा पुठ्ठ्यासारखा झाला होता, आणि त्या हळू आवाजात "अहो... अहो..." एवढंच म्हणत होत्या. पाच मिनिटं गेली की दहा, कोण जाणे. मग त्याने बाही सोडली आणि चालू लागला. त्या बाई पुन्हा आल्या नाहीत. पुस्तकं माणसाकरवी पाठवायला लागल्या.

पुढच्या आठवड्यात समोरच्यांची मांजर त्यांच्याच पायरीवर मरून पडलेली सापडली. कुठे रक्त नव्हतं, फक्त मान वेगळ्याच बाजूला वळलेली. त्या दिवसापासून बाइंडरबाई साडेबाराला काम टाकून गल्लीच्या कोपऱ्यावर जाऊन उभी राहायला लागली. तिची मुलगी दुसरीत होती. पेन्सिली कुरतडायची म्हणून घरात तिला खारू म्हणत.

"मी येते ना एकटी," खारू म्हणायची. "मी काय बाळ आहे?"

"नको ते नाव घेऊ नकोस," आई म्हणायची.

नवऱ्याशी बोलून उपयोग नव्हता. तो मास्तरांचा विद्यार्थी, म्हणून मास्तर तिला सूनबाई म्हणत. "मास्तर दुःखात आहेत गं. जरा कळ काढ." त्याने कळ काढ म्हणायला तो घरी कुठे असायचा? शेवटी तीच पालिकेत गेली. खिडकीमागच्या माणसाने सगळं ऐकून घेतलं आणि एक फॉर्म पुढे सरकवला.

"गळ्यात पट्टा आहे ना? मग मालकाची सही लागेल. आणि कुत्रा आत कोंडलेला पाहिजे. पाळीव कुत्र्यामागे आम्ही रस्त्यावर धावत नाही."

"आणि मालक सही देत नसेल तर?"

"तर चावल्यावर या," तो म्हणाला. चेष्टेने नाही, अगदी साधेपणाने.

दुसऱ्या दिवशी अकराला बाळ बाहेर पडून टोकाला वळलेला तिने पाहिला. तासभर काम करत वाट बघितली, हात धुतले, फॉर्म घेतला आणि मास्तरांच्या फाटकाशी गेली. तेव्हा तिला पहिल्यांदा लक्षात आलं की मास्तर रस्त्यावर दिसून तीन आठवडे होऊन गेले होते. फाटकाच्या कडीला एक दोरी बांधलेली होती. ती झाडाच्या फांदीवरून वर खिडकीत गेली होती.

"मास्तर!"

खिडकीतून आवाज आला. "सूनबाई का? तो बाहेर आहे ना? नक्की? मग बाहेरच्या जिन्याने वर या. लवकर या. खालच्या दारातून नको."

खालचं दार सताड उघडं होतं. जाताजाता तिने आत पाहिलं. कोचाचा कापूस खोलीभर पसरला होता. जेवणाच्या टेबलाचे पाय चावून बारीक झाले होते. भिंतीवरच्या चित्रांपैकी जी कमरेच्या उंचीवर होती ती सगळी खाली पडलेली, आणि वास असा की तिने पदर नाकाला लावला. त्या घरात आता माणूस राहत नव्हता हे कोणीही सांगितलं असतं.

लोखंडी जिन्याच्या वरच्या टोकाला मास्तरांनी एक ड्रॉइंग बोर्ड आडवा अडकवला होता. तो बाजूला करून त्यांनी तिला आत घेतलं आणि पुन्हा लावला. खोलीत एक खाट, स्टोव्ह, पाववाल्याकडून दोरीने वर घेतलेल्या पावाच्या पिशव्या, पाण्याचे डबे. दाढी वाढलेली. डाव्या हाताला कोपरापर्यंत चादरीची पट्टी गुंडाळलेली, आणि ती पट्टी कधीकाळी पांढरी असावी.

"हे काय झालं?"

"तिची शाल काढत होतो खुंटीवरून," मास्तर म्हणाले. "त्याला ते चाललं नाही."

"डॉक्टरकडे गेलात?"

"जाणार कसा? खाली तो असतो."

"पण अकरानंतर तर तो बाहेर असतो ना!"

मास्तर म्हणाले, "आपण पायऱ्या उतरलो आणि तो त्याच वेळी परत आला तर... तुम्ही त्याला जवळून बघितलेलं नाही, सूनबाई."

तिने फॉर्म काढला. मास्तरांनी तो वाचला, मान हलवली, पेन शोधायला लागले. कोंडायचं कुठे, तेही त्यांनीच सांगितलं. अंगणाच्या मागच्या बाजूला अडगळीची खोली होती, पत्रा मारलेलं दार, बाहेरून कडी. रोज दुपारी ते वरून दोरीला बादली बांधून खाणं खाली सोडत. आज ती बादली त्या खोलीत ठेवायची, एवढंच.

"येतो किती वाजता?"

"साडेबारा. शाळा सुटली की. मुलांच्या मागून येतो."

तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "मुलांच्या मागून?"

"मोठ्या रस्त्यापासून. ज्या मुलाच्या मागे लागतो त्याच्या मागे शेवटपर्यंत चालतो. तुम्ही मुलीला घेऊन आत गेल्यावर. खिडकीतून दिसतं मला."

तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. बाराला दहा कमी. अजून वेळ आहे, असं तिच्या मनात आलं, आणि लगेच तिला आठवलं की ती घरातून निघाली तेव्हाच बारा होऊन गेले होते.

"मास्तर, हे घड्याळ बरोबर आहे?"

"किल्ली ती द्यायची," मास्तर म्हणाले. "मागे पडतं."

बाईने बादली उचलली आणि जिना कसा उतरली ते तिला नंतर आठवलं नाही. बादली अडगळीच्या खोलीत आत ढकलली आणि फाटकाकडे पळाली. गल्लीत पाऊल टाकलं आणि तिथेच थांबली. खारू येत होती. पन्नास पावलांवर. दोन्ही हात दप्तराच्या पट्ट्यांत, मान ताठ, नजर सरळ समोर. तिच्या मागे, दप्तराला नाक लावून, बाळ चालत होता. त्याची पाठ तिच्या खांद्याएवढी उंच होती.

गल्लीतल्या खिडक्यांत माणसं होती. एकही दार उघडलं नाही.

"खारू," आई म्हणाली. आवाज आपलाच आहे का असं तिला वाटलं. "पळायचं नाही. माझ्याकडे बघ आणि चालत ये."

"आई, तो दप्तर ओढतोय."

"ओढू दे. एक हात काढ पट्ट्यातून. हळू. आता दुसरा. मागे बघायचं नाही."

दप्तर खाली पडलं. बाळ त्याच्यावर पाय देऊन उभा राहिला आणि खारू चालत राहिली. शेवटच्या दहा पावलांतही ती पळाली नाही. आईने तिला खांद्याला धरून फाटकातून आत घेतलं आणि जिन्याकडे वळवलं. "वर जा. मास्तरआजोबांकडे. मी सांगेपर्यंत खाली यायचं नाही."

मग ती अडगळीच्या खोलीपाशी गेली आणि उघड्या दारामागे भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

बाळ दप्तर तोंडात धरून फाटकातून आत आला. अंगणाच्या मध्यावर त्याने ते टाकलं. वास घेतला. दाराकडे आला आणि थांबला. दाराच्या फटीतून तिला त्याचा एक डोळा दिसला. तोही तिला बघत होता. त्यात राग नव्हता, आणि म्हणूनच तिच्या अंगावर काटा आला. त्याला ती तिथे आहे हे माहीत होतं आणि त्याची त्याला काही पडली नव्हती. तो आत गेला. बादलीचा आवाज झाला.

तिने दार लोटलं. कडी अर्ध्यावर जाऊन अडकली. वर्षानुवर्षं कोणी लावलेली नव्हती, गंजलेली. आतून पहिला दणका बसला तेव्हा तिचे पाय घसरले. तिने दाराला पाठ लावली आणि टाचा रोवल्या.

"मास्तर! खाली या! कडी ठोकायला पाहिजे!"

मास्तर जिन्याच्या वर उभे होते. बोर्ड डाव्या काखेत, उजवा हात खारूच्या खांद्यावर. हलले नाहीत.

दुसरा दणका. पत्र्याला आतून फुगा आला.

"मास्तर!"

"मी..." मास्तर म्हणाले. खारू त्यांच्याकडे बघत होती. मग तिने खांदा सोडवून घेतला, कठड्याला हात लावला आणि एक पायरी उतरली.

"खारू, खबरदार!" आई ओरडली. "तिथेच!"

मुलगी दुसरी पायरी उतरली. तेव्हा मास्तरांनी तिला मागून धरून बाजूला केलं आणि स्वतः उतरायला लागले. एकेका पायरीवर दोन्ही पाय ठेवत, जिना नवीनच बांधलाय अशा सावधपणे. अंगणातली एक वीट उचलली. उजव्या हाताने तीनदा ठोकल्यावर कडी बसली. चौथ्यांदाही ठोकली, आणि पाचव्यांदाही.

दणके थांबले. आत कोणीतरी श्वास घेत होतं. मास्तरांनी दारावर तळवा ठेवला. "बाळ," ते म्हणाले. आतून शेपटी पत्र्यावर आपटल्याचा आवाज आला, दोनतीनदा. मास्तरांनी हात काढून घेतला.

सही करताना त्यांनी मालकाच्या रकान्यात आधी बायकोचं नाव लिहिलं, मग ते खोडून आपलं लिहिलं. बाइंडरबाई दप्तर झटकत होती.

"मास्तर, फाटकाची दोरी तुम्ही ओढायचात?"

"हो."

"रोज? अकराला?"

"मला त्याला मारवत नव्हतं, सूनबाई. तिचा होता तो. वाटलं, बाहेर गेला तर गाडीखाली येईल. नाहीतर कोणीतरी काठी घालेल. कोणीतरी काहीतरी करेलच."

"माझी मुलगी त्या रस्त्याने येते. हे तुम्हाला खिडकीतून दिसत होतं."

मास्तरांनी पेनाला टोपण लावलं. "दिसत होतं," ते म्हणाले.

चार वाजता पालिकेची गाडी आली. कोपरापर्यंत चामड्याचे हातमोजे घातलेले दोघं जण, लांब काठी, टोकाला तारेचा फास. बाळने काही त्रास दिला नाही. स्वतःच्या पायाने चढला आणि गाडी वळेपर्यंत मास्तरांच्या घराकडे बघत होता. तोपर्यंत सगळी गल्ली बाहेर आली होती. मीच सांगणार होतो, मीच अर्ज करणार होते, असं जो तो म्हणत होता. बाइंडरबाईने दोरीबद्दल कोणाला सांगितलं नाही. का नाही, ते तिलाही सांगता आलं नसतं.

संध्याकाळी नवरा आला तेव्हा त्याला मात्र सगळं सांगितलं. तो बूट न काढता ऐकत होता. "मास्तर असं करणार नाहीत," तो दोनदा म्हणाला. मग उठून तसाच शेजारी गेला. तासाभराने मास्तरांना घेऊन इस्पितळात गेला. हातात पू झाला होता, आठ दिवस ठेवून घेतलं. नवरा रोज पाळी संपली की त्यांच्या खाटेपाशी बसायचा. घरी येऊन त्यांच्याबद्दल एक शब्द बोलायचा नाही. ती विचारायची नाही.

पालिकेतून बाळला कोणी पाळायला नेलं नाही, एवढं नंतर कळलं. आणि असा कुत्रा किती दिवस ठेवतात, ते कोणी विचारलं नाही.

खारूने त्या आठवड्यात एकच प्रश्न विचारला. आई एका नोंदवहीच्या पाठीला खळ लावत होती.

"आई, आजोबा जिन्यावर उभे होते ना, तेव्हा ते माझ्या खांद्याला धरून होते. घट्ट. खूप दुखत होतं."

"तू पडशील म्हणून धरलं असेल."

"नाही," खारू म्हणाली. पेन्सिल तोंडात होती, ती तिने काढली. "ते मला पुढे धरत होते. त्या बोर्डासारखं. तो वर आला तर म्हणून."

आईचा ब्रश थांबला. खळ पाठीवरून ओघळून पानांच्या कडांवर गेली, आणि ती पुसायची राहून गेली. मास्तर दुसऱ्या दिवशी घरी यायचे होते. नवऱ्याने त्यांच्यासाठी आपल्याच घरी खाट मागच्या खोलीत लावून ठेवली होती.