डावीकडची खुर्ची

शिलाई मशीन बिघडलं की मी आधी त्याला कान लावते. उजव्या हाताने चाक फिरवायचं आणि डावा कान मशीनच्या अंगाला टेकवायचा, म्हणजे आत कुठे घासतंय ते बरोबर कळतं. ताईच्या कारखान्यातली चाळीस मशीनं या एका कानावर चालायची. "माझी धाकटी म्हणजे मशीनांची डॉक्टरीण!" ताई सगळ्यांना सांगायची.

तोच कान ठणकायला लागला. पू आला, ताप चढला, कानामागे लिंबाएवढी सूज आली. सोमवारी ताईने दवाखान्यात नेलं. लहानपणापासून डॉक्टरांशी बोलायचं ते ताईनेच, मी नुसती आ करणारी. नर्स आत माझा कान साफ करत होती, तेवढ्यात ताईने बाहेर सगळं ऐकून घेतलं.

"काय म्हणाले गं?"

"काही नाही गं, गोळ्या दिल्यात. आठवड्याने दाखवू."

शनिवारी सातशे गणवेश द्यायचे होते. मी गोळ्या गिळत मशीनं दुरुस्त करत राहिले. दुखणं अंगावर काढायची हौसच ना आपल्याला! शुक्रवारी मशीनसमोरच भोवळ येऊन पडले.

मोठ्या इस्पितळात कानामागचं हाड उघडून किडलेला भाग कोरून काढला. जीव वाचला, कान गेला. पट्टी बदलताना सर्जन वैतागले, "सोमवारीच चिठ्ठी दिली होती ना? हाडात पू आहे, आजच दाखल करा म्हणून? तेव्हाच आला असतात तर कान बहुतेक वाचला असता. चार दिवस करत काय होतात?"

चिठ्ठी फाइललाच लावलेली होती, चार घड्या पडलेली. मी पडल्यावर ताईने पर्समधून काढून दिली म्हणे. तोवर मला ताकास तूर लागू दिली नव्हती.

परक्या कुणी केलं असतं तर बोंब ठोकली असती. पण आपलेच दात, आपलेच ओठ! जिच्या मांडीवर निर्धास्त मान टाकायची, तिनेच केसाने गळा कापला. कशासाठी, तर गणवेशांसाठी. मला रडूही येईना, नुसती आग आग होत होती.

संध्याकाळी ताई आली. खुर्ची माझ्या उजवीकडे होती. ती उचलून तिने डावीकडे नेली, बसली, माझा हात धरला आणि पट्टीशी तोंड नेऊन पुटपुटायला लागली. तिचे डोळे गळत होते.

"ताई, या बाजूला ये," मी म्हटलं. "तिथून मला ऐकू येत नाही."

"माहितेय," ती मोठ्याने म्हणाली. आणि तिथेच बसून पुन्हा पुटपुटायला लागली.