बुधवारचा उपास

"सोमवारी उपास, गुरुवारी उपास. आज तर बुधवार! या बाईचे देव तरी किती?"

कुडापलीकडे सोनीबाई भाकरी थापता थापता कुरकुरत होती. सासू हिरीबाई म्हणाली, "हळू. ऐकेल."

दीड वर्षात त्यांची बोली मला कळू लागली होती, हे दोघींना माहीत नव्हतं.

मी तापीकाठच्या प्रकाशा गावची, गुजराच्या घरातली विधवा. गुळाच्या पुड्यांचे कागद वाचून शिकले आणि धुळ्याच्या एका मासिकात गोष्टी लिहू लागले. त्यातली मजुरणीची एक वाचून नवापूरच्या ख्रिस्ती सेवामंडळाचे पाळक रायसिंग यांचं कार्ड आलं : 'ताई, दुःख छान लिहिता. अर्ज लिहाल का?' राग आला. मग आठ दिवसांसाठी म्हणून आले, ते छप्पन्न साली. सकाळच्या प्रार्थनेला मी मागे बसते. डोळे मिटले की आमच्या गावचा केदारेश्वर दिसतो. रायसिंगांची हरकत नाही.

या पाड्याचा अर्ज वेठीचा होता. नागलीची लावणी आली, की नेमका जंगलाचा गार्ड बायकांना बंगला सारवायला, लाकडं वाहायला फुकट नेई. दोन वर्षं नागली बुडाली होती. शुक्रवारी प्रांतसाहेब नवापूरला येणार होते. त्याआधी अकरा बायकांचे अंगठे हवे होते. माझी ही तिसरी खेप. अर्ज वाचला, की सगळ्या माना डोलवत आणि "उद्या पाहू" म्हणून उठून जात.

गार्डाला भितात, असं मी धरून चालले होते. म्हणून आज कायदा समजावला. 'अन्याय' शब्दावर आवाजही चढवला. रायसिंग आपल्या चपलांकडे बघत बसले.

हिरीबाईनं मध्ये टोपली ठेवली. नागलीच्या गरम भाकरी, वर अंबाडीची भाजी. इथे बोलणं ठरायचं असलं, की आधी सगळे एका टोपलीतलं खातात. रायसिंगांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी ते वहीत 'चालीरीती' या मथळ्याखाली सुवाच्य अक्षरात उतरवलंही होतं.

"माझा आज..." मी म्हणाले.

"उपास," आतून सोनीबाईनं पुरं केलं.

कुणी हसलं नाही. मी शाईची गादी पुढे सरकवली. "तुम्ही खाऊन घ्या, मग अंगठे..."

हिरीबाईनं गादीचं झाकण लावलं आणि ती माझ्याकडे परत सरकवली. अगदी सावकाश, रुसलेल्या पोराची समजूत घालावी तशी. मला नीट कळावं म्हणून ती आपली बोली सोडून अहिराणीत बोलली.

"गार्डनं भ्याव नही वं, माय. तुले उपास बी नही. आम्हना हातनं तुले चालत नही. मंग तुन्हा हातनं आम्हले कसं चालई?"