सगळ्यांची काकू

मी एक जुनं जेवणाचं टेबल आहे आणि मला राग आला आहे. मित्रांनो, जुनी वस्तू बोलायला लागली की ती आता रडगाणं गाणार, असं तुम्हाला वाटतं. मी गाणार नाही. मागच्या पडवीत माझ्यावर रंगाचे डबे ठेवलेत, एका पायाखाली वीट सरकवली आहे, त्याचं मला काही नाही. माझा राग वेगळाच आहे.

मला सुताराने वसतिगृहाच्या जेवणघरातच बनवलं, कारण एवढं लांब टेबल दारातून आत गेलंच नसतं. "इथे पोरं जेवणार की पलटण?" असं तो रंधा मारताना पुटपुटायचा. पण माणूस समजूतदार होता. पोरं धावणार, धडकणार, म्हणून त्याने माझे चारही कोपरे घासून गोल केले. खालची बाजू मात्र खडबडीतच सोडली. तिथे कोण बघायला जातंय, म्हणाला. पुढे मला बाहेर काढताना शाळेला दाराची चौकट फोडावी लागली, याचा मला अजून आनंद होतो.

ती परदेशातली ख्रिस्ती शाळा होती. तिथे देशोदेशीची मुलं शिकायची. त्यांचे आईवडील लांबलांबच्या गावांत, दवाखान्यांत, चर्चमध्ये सेवा करायचे आणि पोरांना सुट्टीतच भेटायचे. या पोरांना सांभाळायला एक कुटुंब आलं. नवरा, बायको आणि त्यांची पाच वर्षांची लेक. ही पोरगी एका जागी बसेल तर शपथ! पोरांनी पहिल्याच दिवशी तिचं नाव भिंगरी ठेवलं. तिचे आईवडील सगळ्यांचे काका-काकू झाले.

पहिल्या आठवड्यातली गोष्ट. रात्रीच्या जेवणाला हात धरून प्रार्थना झाली, वाढप सुरू झालं, आणि भिंगरी ओरडली, "आई, मला अजून बटाटा!" तिच्या शेजारच्या छोट्या मुलीने ताट सरकवलं आणि ती हुंदके द्यायला लागली. तिची आई तिकडे डोंगरापलीकडच्या दवाखान्यात नर्स होती.

पोरं झोपायला गेल्यावर काका-काकू माझ्यापाशी बसले. "अगं, आजपासून भिंगरीनेही आपल्याला काका-काकूच म्हणायचं," काका म्हणाले.

"अहो, पाच वर्षांची आहे ती!"

"म्हणूनच तिला लवकर सवय होईल. ज्यांच्या आया इथे नाहीत, त्यांच्यासमोर आपण आपल्या लेकीचे लाड करायचे? देवाला काय वाटेल?"

"निदान आपल्या खोलीत तरी म्हणू दे."

पण त्यांच्या खोलीचं दार जेवणघरातच उघडायचं आणि पोरांसाठी ते कायम उघडं असायचं. त्यामुळे 'आपली खोली' अशी काही नव्हतीच. काकू उठून ताटं आवरायला लागल्या. मित्रांनो, काका वाईट असते तर बरं झालं असतं, दोन शिव्या हासडून मोकळं होता आलं असतं! पण भला माणूस. आजारी पोरांच्या उशाशी बसायचा, स्वतःच्या हाताने बूट शिवून द्यायचा. भल्या माणसाची चूक कुणी धरत नाही, आणि म्हणून ती वर्षानुवर्षं चालते.

भिंगरी शिकली. आधी चुकायची, "आ..." म्हणून थांबायची, मग "काकू" म्हणायची. सगळ्यांना वाढून झालं की तिचा नंबर. इतरांच्या वाढदिवसाला त्यांच्या नावाचा केक, हिचा वाढदिवस पुढच्या कुणाच्या तरी केकवर उरकायचा. पाहुणे यायचे, माझ्यावर थाप मारून म्हणायचे, "वा, काय हा त्याग!" कसला त्याग? हलवायाच्या घरावर तुळशीपत्र! आई होती भिंगरीची, आणि दान करून मोकळे झाले काका. लेकराला विचारलं होतं कुणी?

वरून सगळं शिस्तीत दिसायचं. खाली काय चालायचं ते फक्त मला ठाऊक. भिंगरी काकूंच्या समोर बसायची. प्रार्थनेला सगळ्यांचे डोळे मिटले की काकू चप्पल काढायच्या आणि आपलं पाऊल भिंगरीच्या पावलावर ठेवायच्या. "आमेन" झालं की पाऊल परत चपलेत. तेवढीच तिची आई. मग एक दिवस काकांनी नवीन जागा ठरवल्या. काकूंच्या समोर नवी मुलं बसतील, भिंगरी आता जुनी झाली, तिने टोकाला बसावं. त्यांना खालचं काहीच माहीत नव्हतं. काकूंनी सांगितलंही नाही. प्रार्थनेत त्यांचं पाऊल नुसतंच फरशीवर पडून राहायचं. मला हात असते ना, मी ती खुर्ची उचलून परत जागेवर ठेवली असती!

भिंगरी नऊ वर्षांची झाली आणि अगदी शांत झाली. पाहुणे तिचंही कौतुक करायचे.

एकदा तिची वाढायची पाळी होती. गरम सुपाचं पातेलं माझ्यावर ठेवताना तिच्या हातून निसटलं आणि सूप तिच्या मनगटावर सांडलं. तुम्ही असता तर काय ओरडला असता? कुठल्याही देशाचं पोर घ्या, चटका बसला की तोंडातून आईच निघते. माझ्याभोवती बसलेलं प्रत्येक पोर आपापल्या भाषेत "आई गं!" म्हणत पडलं होतं, रडलं होतं.

भिंगरी म्हणाली, "सॉरी काकू, सांडलं."

 मग ती पहिल्या आठवड्यात रडलेली मुलगी उठून उभी राहिली. "काका, माझी आई एवढी लांब आहे, तरी मला लागलं की मी तिलाच हाक मारते," ती म्हणाली. "हिची तर समोर उभी आहे."

काकूंनी भिंगरीला ओढतच नळाखाली नेलं. हातावर पाणी सोडलं आणि तिथूनच काकांवर ओरडल्या, "बस्स झालं तुमचं! कुणाला वाईट वाटलं तर त्यालाही जवळ घेईन, सगळ्यांना घेईन. पण हिला टाकून नाही!" मग लेकीकडे वळून म्हणाल्या, "आई म्हण गं. म्हण ना."

भिंगरीने आधी काकांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. तेव्हा कुठे ती "आई" म्हणाली, बाईंनी वर्गात उभं करून विचारल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी तिची खुर्ची पुन्हा काकूंच्या समोर आली. काकांनीच आणली, आणि ते स्वतः जेवायला बसलेच नाहीत. प्रार्थना सुरू झाली, काकूंनी चप्पल काढली, पाऊल पुढे केलं. भिंगरीने आपलं पाऊल मागे घेतलं. दुष्टपणाने नाही हो! तिला वाटलं, चुकून लागलं.

गेल्या वर्षी ती आली होती, काकूंना घेऊन, जुनी शाळा बघायला. आता ती स्वतः एका लेकीची आई आहे. ती चिमुरडी लपाछपी खेळत माझ्याखाली शिरली आणि माझ्या खालच्या खडबडीत फळीवर तिचं डोकं आपटलं. "आई गं!"

भिंगरी गुडघ्यांवर रांगत माझ्याखाली शिरली. तिने लेकीला पोटाशी धरलं, फुंकर घातली, आणि माझ्याखालूनच हाक मारली, "काकू, जरा पाणी आणता का?"

काकूंचा म्हातारा हात माझ्यावर होता. तो त्यांनी उचलला. मग "आणते हं," म्हणून त्या पाणी आणायला गेल्या.

मित्रांनो, मला पॉलिश करू नका, रंगाचे डबेही खुशाल असू द्या. पण आज घरी गेलात की दारातूनच आईला हाक मारा. काही काम नसलं तरी मारा. "काय रे, कशाला ओरडतोस?" म्हणून ती खेकसली, तरी पुन्हा मारा.